कोणी पाहिलीये ती पाल?

अंदमान-निकोबारच्या दक्षिण टोकाला असलेल्या ग्रेट निकोबार बेटावर सरकार बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि एक नवं शहर उभं करायला निघालंय, आणि त्यापायी तिथल्या जंगलातली एक उडती पाल जाईल अशी काहींना भीती आहे. त्यावरून आमच्या बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अधूनमधून जे पेटतं त्याला वाद म्हणायची माझी तयारी नाही. एक पार्टी मलाक्का सामुद्रधुनीचा नकाशा टाकते, त्यावर लाल गोल काढलेला, खाली "चीन दारात आलाय आणि हे लोक पाली मोजतायत". दुसरी पार्टी उडत्या पालीचा कुठूनतरी उचललेला फोटो टाकते (तो बहुतेक वेळा थायलंड-मलेशियाकडच्या वेगळ्याच जातीचा असतो, पण ते बघतंय कोण) आणि खाली रडक्या इमोजींची रांग. मग एखादे काका शांतपणे विचारतात, "अहो, पण ती पाल कोणी पाहिलीये का?" आणि चर्चा तिथेच बसते, कारण खरंच कोणी पाहिलेली नसते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही ते ठरवता येईल. हा प्रकल्प आज ज्या आकाराचा कागदावर आहे त्या आकारात होऊ नये. पाल गोंडस आहे म्हणून नाही, दुर्मिळ आहे म्हणूनही नाही. देशाच्या संरक्षणाच्या नावाखाली आपण ज्याला मान डोलावतोय त्यातला फार थोडा भाग संरक्षणाचा आहे, आणि उरलेल्या भल्या मोठ्या भागापायी जे जाणार आहे ते आपण धड बघितलेलंसुद्धा नाही. काकांचा प्रश्न पालीच्या विरोधात पुरावा म्हणून वापरतात, तो खरं तर प्रकल्पवाल्यांना विचारायला हवा.

आता ती पाल. निकोबार बेटं सोडून जगात कुठे नाही. स्वतंत्र जात म्हणून तिला नाव मिळालं ते थेट २००९ मध्ये, तोवर तिचे जे थोडेफार नमुने हाताशी होते ते आग्नेय आशियातल्या दुसऱ्याच एका जातीच्या खात्यावर जमा होते. अंगाच्या दोन्ही बाजूंना कातडीची झालर, बोटांमध्ये पडदे, शेपटीच्या कडेला कंगोरे. उडता सरडा वेगळा, त्याच्या झालरीत बरगड्यांच्या काड्या असतात आणि तो ती मनाने उघडतो-मिटतो, हिच्याकडे तसलं यंत्र नाही, ही खोडावरून सरळ अंग सोडते आणि खालून लागणाऱ्या हवेनेच झालर फुलते, मग पडता पडता तिरकी जाऊन पलीकडच्या खोडाला चिकटते. दिवसा तीच झालर ती सालीवर सपाट दाबून बसते. खोडावर बसलेला प्राणी आपल्याला दिसतो तो बऱ्याचदा त्याच्या अंगाखालच्या सावलीच्या रेघेमुळे, इथे ती रेघच पडत नाही, आणि वर रंग शेवाळ धरलेल्या सालीचा. हातभर अंतरावरून माणूस निघून जाईल आणि कळणार नाही. या जातकुळीतल्या पाली अंडीसुद्धा दोन-दोन, झाडालाच चिकटवून ठेवतात. आता असा प्राणी, रात्रीचा हिंडणारा, झाडावरचा, आणि तोही अशा बेटावर की जिथे पोर्ट ब्लेअरहून (आताच्या श्री विजयपुरमहून) बोटीने जायचं तर चांगला वेळ मोडतो आणि जंगलाचा मोठा भाग आदिवासी राखीव म्हणून परवानगीशिवाय बंद, तो "क्वचितच दिसतो" यात नवल ते काय? त्यातून आपण तिथे किती रात्री टॉर्च घेऊन उभे राहिलो एवढंच कळतं. आणि ती एकटी थोडीच आहे. ग्रेट निकोबारवरून १९७३ मध्ये वर्णन झालेला, मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलेला झाडावरचा हिरवा सरडा आहे, झाडावर राहणाऱ्या सापसुरळ्या आहेत, यांच्याबद्दल तरी आपल्याला काय मोठं माहितीये?

जे दिसतं त्याचं राजकारण होतं, हे बडोदेकरांना मी काय सांगू. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आहे, रविवारी लोक पोरांना घेऊन तिथे माना वर करून उभे असतात आणि बाजूच्या कपाटातल्या बारक्या प्राण्यांपुढे दोन मिनिटं थांबत नाहीत. विश्वामित्रीतल्या मगरींचं बघा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या, सोसायट्यांत शिरल्या, आकोट्याच्या एका घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो तर देशभर फिरला. नंतर नदी खोल-रुंद करायचं काम निघालं तेव्हा मगरींचं काय करणार, हा प्रश्न कोणाला टाळता आला नाही. चांगलंच झालं, माझी काही तक्रार नाही. पण आपली ही मगर इराणपासून श्रीलंकेपर्यंत आहे, नेपाळात आहे. विश्वामित्रीत तिचं काही वाईट झालं तर बडोद्याचं नुकसान होईल, मगर या जातीचं नाही. ज्या प्राण्याला दुसरं घरच नाही त्याच्या बाजूने बोलायला मात्र कोणी नाही, का तर तो कधी कोणाच्या छपरावर येऊन बसला नाही! प्रकल्पाच्या मंजुरीतसुद्धा हेच दिसतं. समुद्री कासवं, मेगापोड पक्षी, खाऱ्या पाण्यातली मगर, नारळफोड्या खेकडा यांच्यासाठी संवर्धनाच्या योजना आहेत, घुबडांच्या ढोलीची झाडं जिओटॅग करून "शक्य तितकी" वाचवायची अट आहे. ढोली दिसते, टॅग करता येते. सालीच्या सपाटीवर चिकटवलेल्या दोन अंड्यांना टॅग कुठे लावणार?

आता समोरच्यांची बाजू, आणि ती हलकी नाही. भारताचा जो माल मोठ्या जहाजावरून छोट्या जहाजावर बदलावा लागतो (यालाच ट्रान्सशिपमेंट म्हणतात) त्यातला सुमारे ७५ टक्के परदेशातल्या बंदरांवर बदलला जातो, बहुतेक कोलंबो, सिंगापूर आणि मलेशियातल्या क्लांगला, म्हणजे पैसा आपला आणि कमाई त्यांची. ग्रेट निकोबार मलाक्काच्या तोंडाशी आहे, पूर्व-पश्चिम जहाजवाहतुकीचा मोठा रस्ता तिथून जवळ जातो. संरक्षणाचं म्हणाल तर आयएनएस बाझ हा नौदलाचा तळ ग्रेट निकोबारवरच्याच कँपबेल बेला २०१२ पासूनच आहे, आणि त्याची धावपट्टी लांब हवी असं कोणी म्हटलं तर मी विरोध करणार नाही, तुम्हीही करू नका. शेजारी कोण आहे ते आपल्याला माहितीये. आणि या मुद्द्यावर "निसर्ग आधी" असं नुसतं ओरडणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे, कारण त्यांच्या ओरडण्यामुळे समोरच्याला खरा हिशोब मांडावाच लागत नाही.

तो हिशोब आता मांडू. प्रकल्पाचं एकूण क्षेत्र १६६.१० चौरस किलोमीटर. त्यात कंटेनर बंदर ७.६६, विमानतळ ८.४५, वीज प्रकल्प ०.३९, आणि टाउनशिप? १४९.६०. परत वाचा. बंदर, विमानतळ आणि वीज मिळून साडेसोळा, आणि नवं शहर जवळजवळ दीडशे. म्हणजे दर दहा भागांतले नऊ भाग शहराचे. आज बेटावर साधारण आठ हजार माणसं आहेत, पुढच्या तीसेक वर्षांत ती साडेतीन लाखांच्या घरात न्यायची कल्पना आहे. मलाक्कावर नजर ठेवायला साडेतीन लाख माणसांचं शहर लागतं? कुठलं नौदल म्हणतं असं? चीनचा नकाशा दाखवून मतं मिळवायची साडेसोळा चौरस किलोमीटरला आणि त्याच मतांवर दीडशे चौरस किलोमीटर पास करून घ्यायचे, ही चलाखी कोणी पकडत का नाही? आणि ट्रान्सशिपमेंटच्या घाईचं म्हणाल तर केरळात विझिंजमचं बंदर मे २०२५ मध्ये रीतसर सुरूही झालं, तेही खोल पाण्याचं आणि तेही ट्रान्सशिपमेंटचंच. म्हणजे उद्या सकाळी निकोबार झालं नाही तर सगळा माल कोलंबोलाच जाणार, असं आता राहिलेलं नाही.

"पण बेट ९१० चौरस किलोमीटरचं आहे, त्यातलं १३० चौरस किलोमीटर जंगल प्रकल्पाला देतायत, बाकी जंगल आहेच की, पाल तिकडे जाईल." हा युक्तिवाद ऐकायला फार बरा वाटतो आणि बऱ्याच शहाण्या लोकांना पटतो. याला उत्तर द्यायला निकोबारला जायची गरज नाही, याच हिंदी महासागरात जावाच्या दक्षिणेला ख्रिसमस आयलंड नावाचं ऑस्ट्रेलियाचं छोटं बेट आहे, जेमतेम १३५ चौरस किलोमीटर, आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश नॅशनल पार्क. तिथल्या सरड्या-पालींचं काय झालं बघा. एक जंगली सापसुरळी होती, एकेकाळी बेटावर भरपूर, तिची शेवटची मादी, लोकांनी तिचं नाव गंप ठेवलं होतं, ३१ मे २०१४ ला पिंजऱ्यात मेली आणि जात संपली. लिस्टर्स गेको नावाची झाडावरची पाल आज आहे ती फक्त माणसांनी वेळीच पकडून वाढवलेली, जंगलात ती २०१२ नंतर दिसलेली नाही. या वर्षांत तिथलं जंगल कोणी सपाट केलं नव्हतं, पार्क होता तसाच होता. मग झालं काय? मुख्य संशय आहे तो १९८० च्या दशकात जहाजाच्या मालातून आलेल्या एका कवड्या सापाच्या भाईबंदावर. पॅसिफिकमधल्या गुआमची गोष्ट त्याहून जुनी, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी झाडसाप उतरला आणि काही दशकांत बेटावरच्या जंगलातल्या १२ देशी पक्ष्यांपैकी १० नाहीसे केले, सरडे-पालींचीही वाताहत झाली, आणि हो, हे साप विजेच्या खांबांवर चढून वारंवार वीज घालवतात, ज्यांना पक्ष्यांचं काही वाटत नाही त्यांच्यासाठी हे सांगितलं. साप प्रकल्पाची हद्द बघून थांबत नाही. बेटाचा सातवा हिस्सा दिला आणि बाकी वाचवला, हा हिशोब नकाशावरच जमतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो मी स्वतःहून मांडतो. ट्रान्सशिपमेंटमध्ये कंटेनर बेटावर उघडत नाहीत, एका जहाजावरून उतरतात, यार्डात थांबतात, दुसऱ्यावर चढतात. म्हणजे नुसत्या बंदराचा धोका आपण समजतो त्याहून कमी असू शकतो. मान्य. पण साडेतीन लाख लोकांच्या शहराला सिमेंट लागेल, लाकूड लागेल, फर्निचर, भाजीपाला, धान्य लागेल, रिसॉर्टच्या लॉनला मातीसकट नर्सरीची रोपं लागतील, आणि हे सगळं बेटावरच उघडलं जाईल, रोज. साप, मुंग्या, गोगलगायी, उंदीर प्रवास करतात ते अशाच सामानातून. म्हणजे फिरून परत टाउनशिपच. पालीचा खरा शत्रू क्रेन असेलच असं नाही, बाल्कनीतल्या कुंडीतून आलेलं काहीतरी असू शकतं.

दुसरा आक्षेप ज्यांनी थोडं वाचलंय ते घेतात, आणि तो मला जास्त आवडतो. ते म्हणतात, या जाती-बिती शास्त्रज्ञांच्या मर्जीवर असतात, आज वेगळी म्हणाले, उद्या एकच म्हणतील, त्यावर देशाचे प्रकल्प अडवायचे का? आणि त्यांच्याकडे उदाहरणही जबरदस्त आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात टेलिको नावाचं धरण बांधलं जात होतं, १९७३ मध्ये तिथल्या नदीत बोटभर लांबीचा स्नेल डार्टर नावाचा मासा सापडला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये, धरण जवळपास पूर्ण होत आलेलं असताना, कोर्टाने ते थांबवलं. सगळ्या देशाने चेष्टा केली, एवढ्याशा माशासाठी एवढं मोठं धरण! पुढे हा मासा इतर नद्यांतही सापडला, २०२२ मध्ये धोक्याच्या यादीतून काढला, आणि २०२५ मध्ये संशोधकांनी सांगितलं की ही वेगळी जातच नाही. झालं, पर्यावरणवाल्यांचा फुगा फुटला की नाही? पण मधलं एक पान हे लोक वाचत नाहीत. कोर्टाच्या निकालानंतर सरकारने खास उच्चाधिकार समिती नेमली, प्रकल्पाला सूट द्यायची का ते ठरवायला, आणि त्या समितीने १९७९ च्या सुरुवातीला एकमताने सांगितलं की मासा बाजूला ठेवा, हे धरण पैशाच्या हिशोबातच बसत नाही, उरलेलं थोडं काम पूर्ण करायचा खर्चसुद्धा वसूल होणार नाही. तरी त्याच वर्षी काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या संसदेत) दुसऱ्याच एका विधेयकाच्या शेपटीला कलम जोडून धरण पास करून घेतलं. मासा विरुद्ध धरण या तमाशात धरण फायद्याचं आहे का, हा मूळ प्रश्नच हरवला, आणि हरवला तो दोन्हीकडच्यांच्या कृपेने. आपण आत्ता अक्षरशः तेच करतोय. उद्या निकोबारची पाल दुसऱ्या एखाद्या बेटावर सापडली किंवा कोणी तिला परत जुन्या जातीत घातलं, तर १४९.६० हा आकडा बदलणार आहे का?

"शहरात बसून उपदेश करू नका" हेही ऐकावं लागतं, आणि त्यात तथ्य आहे. सयाजीराव महाराजांनी आजवा सरोवर बांधलं तेव्हा तिथलं काय काय पाण्याखाली गेलं याचा विचार आपण नळ उघडताना करत नाही, आणि तरी ते सरोवर नसतं तर बडोदा बडोदा झालं नसतं. सगळ्याच धरणा-बंदरांना विरोध करणाऱ्यांत मी नाही. १९६९ पासून ग्रेट निकोबारवर माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली, त्यात महाराष्ट्रातलीही होती, त्यांच्या मुला-नातवंडांना दवाखाना हवा, वेळेवर बोट हवी, नोकऱ्या हव्यात, हे कोण नाकारेल? पण त्यांच्या दवाखान्याचा रस्ता साडेतीन लाखांच्या शहरातूनच जातो, हे कोणी ठरवलं? आणि बेटावरच्या लोकांचं ऐकायचं तर सगळ्यांचं ऐका. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत निकोबारींची किनाऱ्यावरची गावं गेली, त्यांना कँपबेल बेजवळच्या वस्त्यांत आणून ठेवलं, ते तेव्हापासून आपल्या जुन्या गावी परत जायचं म्हणतायत. त्यांच्या ट्रायबल कौन्सिलने प्रकल्पाला आधी ना-हरकत दिली होती, ती नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतली, कारण त्याच जुन्या गावांच्या जमिनी प्रकल्पात जातायत हे त्यांना नंतर कळलं. बेटाच्या जंगलात राहणारे शोंपेन आदिवासी तर दोन-तीनशेच आहेत आणि बाहेरच्यांशी फारसा संबंध ठेवत नाहीत, त्यांची ना-हरकत कोण आणि कशी घेणार? शहरात बसून उपदेश मी करतोय तसा टाउनशिपचा नकाशा काढणाराही शहरातच बसलाय. त्याच त्सुनामीत बेटाचं दक्षिण टोक काही मीटर खाली खचलं, इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. अशा जमिनीवर दीडशे चौरस किलोमीटरचं शहर काढणाऱ्याला धाडसी म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

राहता राहिली भरपाईची झाडं. सरकारने संसदेत सांगितलेल्या अंदाजाप्रमाणे ९.६४ लाख झाडं तुटू शकतात आणि त्याबदल्यात हरियाणात वनीकरण. हे म्हणजे दांडिया बाजारातला पिढीजात वाडा पाडायचा आणि भरपाई म्हणून सुरतेत फ्लॅट द्यायचा, तोही शेजारच्याला. हरियाणात झाडं लावा, जरूर लावा, अरवलीला गरज आहे, पण ती निकोबारच्या खात्यावर जमा कशाला करता? याहून जास्त या मुद्द्यावर लिहायची मला गरज वाटत नाही, जो माणूस हे पटवून घेऊ शकतो त्याला माझा लेख काय करणार.

आता थोडं आपल्या पार्टीला. रडक्या इमोजी बंद करा. "शेवटची पाल मरणार" असं लिहू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही आणि समोरच्याने विचारलं तर तोंडघशी पडाल. फोटो टाकायचा तर योग्य जातीचा टाका, नाहीतर टाकूच नका. पाल किती सुंदर, जंगल किती पवित्र, यावर समोरचा हसणारच, त्याच्या जागी मीही हसलो असतो. मागायच्या त्या दोन गोष्टी मागा. एक, तोडीच्या आधी त्या १३० चौरस किलोमीटरमध्ये रात्रीचा सर्व्हे, झाडांवर चढून, पावसाळा धरून सगळ्या मोसमांत, आणि तो अहवाल सगळ्यांना वाचायला उघडा. मूळ अंदाजात ७२ हजार कोटींच्या प्रकल्पात टॉर्च, दोर आणि चार-सहा पाल-सरडेवाल्या संशोधकांचा खर्च कोणाच्या लक्षातही येणार नाही, आणि निघालेली माहिती प्रकल्पाच्या बाजूची निघाली तर तीही मान्य करायची तयारी ठेवा. दुसरी गोष्ट, प्रकल्प तोडून मागा. संरक्षणाचं वेगळं, बंदर वेगळं, टाउनशिप वेगळी, प्रत्येकाचा खर्च, प्रत्येकाची झाडं, प्रत्येकाची गरज कोणी आणि का सांगितली ते वेगवेगळं. काकांना माझं एवढंच सांगणं आहे की पुढच्या वेळी मलाक्काचा नकाशा आला की त्याच्या खाली विचारा, यातल्या विमानतळाच्या ८.४५ चौरस किलोमीटरसाठी किती झाडं तुटतायत आणि शहराच्या १४९.६० साठी किती? ते आकडे आले की पुढचं भांडण करू, तोवर पालीला मध्ये आणू नका.